पिशवीतले कागद

वसईजवळच्या सातिवलीत औद्योगिक गाळ्यांच्या मागे असलेल्या चाळींत जाऊन कुणालाही घराविषयी विचारलं, की फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी खाली येते. तीत नोटरी केलेला बॉण्ड पेपर, लाइट बिलं, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि असलीच तर घरपट्टीची पावती. सातबारा मात्र नसतो. रूम ज्या जमिनीवर उभी आहे ती वनखात्याची, आदिवासीची की आरक्षणातली, हे घेणाऱ्याला जेसीबी दारात आल्यावर कळतं. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हेही त्याच दिवशी.

नालासोपाऱ्यात तेच झालं. अग्रवाल नगरीच्या 41 इमारती सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 2025च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांतल्या शेवटच्या इमारती जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबांची घरं गेली. एवढ्या इमारती रातोरात उगवत नाहीत. या बांधकामांच्या प्रकरणात ईडीचे (सक्तवसुली संचालनालयाचे) छापे मात्र त्यानंतर, मे महिन्यात पडले.

सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली, तेव्हा अनेकांना हायसं वाटलं. पण ते संरक्षण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग किंवा नदीकाठच्या बांधकामाला नाही, आणि कोर्टानेच पाडायला सांगितलं असेल तिथेही नाही. म्हणजे नालासोपाऱ्याला त्याचा काय उपयोग?

कोर्ट पुरत नाही तिथे संघटना लागते, आणि ती वसईला नवी नाही. श्रमजीवी संघटना इथलीच, 1982ची, उसगावची. वेठबिगारीबंदीचा कायदा 1976 साली झाला होता, पण तो आपोआप गावात पोचला नाही. संघटनेच्या आधारे सावकाराच्या वहीत नुसता आकडा असलेल्या माणसांनी तहसीलदारासमोर जबाब दिले आणि मुक्ततेचे दाखले मिळवले. एकट्याने गेलेला आदिवासी परत मालकाच्याच दारात गेला असता.

चाळीतल्यांची अडचण निराळी आहे. ते एका पाड्याचे, एका जातीचे नाहीत. कुणी कोकणातला, कुणी जौनपूरचा. एकत्र येतात ते नोटीस चिकटल्यावर, आणि तेव्हाही प्रत्येकाला आपलीच रूम वाचवायची असते. वनहक्काच्या दाव्याला निदान ग्रामसभा लागते, कायदाच माणसांना एकत्र बसवतो. शहरांसाठीही महापालिका कायद्यातल्या 2009च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची तरतूद झाली होती. तुमच्या वॉर्डात ती भरल्याचं आठवतंय? मला नाही.

ती भरेल तेव्हा भरेल. तोवर नोटिशीची वाट न पाहता एखाद्या रविवारी चाळीतल्या सगळ्या पिशव्या एकाच चटईवर उघडाव्यात. जागा विकणाऱ्याचं नाव, दलाल कोण, पैसे किती आणि कधी दिले, सगळं एका वहीत उतरवावं. वीस करारांवर एकच सही निघाली, तर पोलीस ठाण्यात ‘तुम्हीच का घेतलं’ या प्रश्नाआधी ‘विकलं कुणी’ हा प्रश्न टाकता येईल. अनधिकृत बांधकाम हा नगररचनेच्या एमआरटीपी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बांधणारा चाळीत राहायला आलेला नसतो.

वही कुणाच्या घरी ठेवायची, यावरून पहिलं भांडण होईल. होऊ द्यावं.