विश्लेषण : धर्म देशाने बदलला की राजाने? कोपनहेगनचे स्मारक काय सांगते?

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये मुख्य कॅथेड्रलशेजारच्या बिशप चौकात एक उंच स्मारक आहे. १५३६ मध्ये देशाने कॅथलिक पंथ सोडून मार्टिन ल्यूथर यांचा पंथ स्वीकारला, त्याची ही आठवण. स्मारक १९४३ मध्ये उभे राहिले. पण ‘देशाने स्वीकारला’ हे कितपत खरे?

१५३६ मध्ये काय घडले?

ल्यूथर यांचे विचार त्याआधीच पोहोचले होते. व्हिबोर्ग शहरात हान्स टाउसेन यांच्या प्रवचनांना लोकांचा पाठिंबा होता. निर्णय मात्र तलवारीने झाला. यादवी युद्ध जिंकलेला राजा तिसरा क्रिश्चन वेढ्यात उपासमार सोसलेल्या कोपनहेगनमध्ये शिरला. ऑगस्टमध्ये त्याने कॅथलिक बिशपांना अटक केली. त्यांच्या जमिनी राजाकडे गेल्या आणि युद्धाच्या कर्जात बुडालेल्या तिजोरीला आधार मिळाला. ऑक्टोबरअखेर सभेने शिक्कामोर्तब केले.

विरोध झाला का?

डॅनिश राजाच्याच सत्तेखालील आइसलँडमध्ये झाला. तेथील शेवटचे कॅथलिक बिशप योन आरासोन यांचा १५५० मध्ये दोन मुलांसह शिरच्छेद करण्यात आला. तेव्हा संपूर्ण देशाने एकदिलाने मत बदलले, हे चित्र अपुरे आहे.

मग स्मारक हटवावे का?

नाही. ते उभारले गेले त्या वर्षाकडेही पाहावे. १९४३ मध्ये डेन्मार्क नाझी जर्मनीच्या ताब्यात होता. ऑक्टोबरमध्ये ज्यूंची धरपकड सुरू होताच कोपनहेगनच्या बिशपांचे निषेधपत्र देशभरातील चर्चमध्ये वाचले गेले. सत्तेच्या हुकमाने जन्मलेले चर्च त्या दिवशी सत्तेविरुद्ध उभे राहिले. लोकांनी हा पंथ खऱ्या अर्थाने आपला केला, तो अशा प्रसंगांतून.

आज काय स्थिती?

१८४९ च्या राज्यघटनेने नागरिकांना धर्मस्वातंत्र्य दिले. ल्यूथरन चर्चला आजही सरकारी पाठबळ आहे. राजाने मात्र याच चर्चचा सदस्य असावे, अशी घटनेची अट आहे. एकेकाळी राजा प्रजेचा पंथ ठरवत होता; आज प्रजा मोकळी आहे आणि राजा बांधलेला.

म्हणून या स्मारकाशेजारी आणखी एक फलक हवा. त्यावर अटकेतील बिशप, जप्त जमिनी आणि आइसलँडमधील शिरच्छेदही नोंदवावेत. श्रद्धेचा गौरव करताना सक्तीची नोंद पुसली, तर पुढच्या पिढीला निम्मा इतिहासच कळेल.