मालकीचे चिन्ह

८ मार्चसाठी कोल्हापुरात इंग्रजी फलक रंगवताना आमच्यात हमखास वाद होतो: 'विमेन्स'मधला वरचा स्वल्पविराम 'एस'च्या आधी की नंतर? आधी. 'गर्ल'चे 'गर्ल्स' होते, तिथे चिन्ह शेवटी. 'वुमन'चे अनेकवचन मात्र 'एस'शिवायच 'विमेन'.

चिन्ह शुद्ध हवेच. पण मला वाटते, तेवढ्याने मालकी येत नाही. १९३७च्या हिंदू स्त्रियांच्या संपत्ती हक्क कायद्याच्या इंग्रजी नावातही 'विमेन्स' होते. विधवेला हक्क मिळाला तो हयातीपुरताच. पूर्ण मालकी १९५६च्या वारसा कायद्याने आली. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा देशभर मिळायला २००५ साल उजाडले. तरी आजही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातातच.

मैत्रिणींनो, फलक तपासाल तसा सातबाराही तपासा.