पंचनामा आधी की निकाल आधी?

वाचकहो, अमेरिकेतील केंटकी राज्यात पीटर्सबर्ग नावाचे एक लहानसे ठिकाण आहे. तेथे २८ मे २००७ रोजी एक भव्य संग्रहालय सुरू झाले. त्याचे नाव 'क्रिएशन म्युझियम', म्हणजे निर्मितीचे संग्रहालय. खर्च आला सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर. हे संग्रहालय 'आन्सर्स इन जेनेसिस' या ख्रिस्ती संस्थेचे आहे. ही संस्था उभी करणारे केन हॅम हे मूळचे ऑस्ट्रेलियातील शाळामास्तर.

आत गेले की पुतळे, देखावे, तारांगण, सारे काही आहे. आदम आणि हव्वा यांची बाग आहे. मान हलवणारे, गुरगुरणारे यांत्रिक डायनासोर आहेत आणि त्यांच्या शेजारीच माणसाची मुले खेळताना दाखवली आहेत. तेथे असे सांगितले जाते की देवाने हे सारे जग सहा दिवसांत घडवले, त्याला साधारण सहा हजार वर्षे झाली, आणि माणूस व डायनासोर एकाच वेळी नांदत होते. पहिले पाप घडेपर्यंत मोठमोठ्या दातांचे डायनासोरसुद्धा शाकाहारी होते म्हणे! याच संस्थेने २०१६ साली केंटकीतच विल्यम्सटाउन येथे नोहाचे ५१० फूट लांबीचे लाकडी तारू उभारले. त्या तारवातही पिंजऱ्यात डायनासोर बसवले आहेत.

हे वाचून कोणी हसेल. आम्ही म्हणतो, हसून सोडून देऊ नका. तेथे जाणारी माणसे कोण आहेत? पगारातून पैसे साठवून, मुलाबाळांना गाडीत घालून, सुट्टीच्या दिवशी काहीतरी चांगले दाखवावे म्हणून निघालेले आईबाप आहेत. आपणही मुलांना घेऊन असेच निघतो. आईबाप मुलाचा हात धरून ज्या दारातून आत नेतात, त्या दारावर मूल विश्वास ठेवते. म्हणून त्या दाराच्या आत काय आहे, याची चौकशी केली पाहिजे.

हे सहा हजार वर्षांचे गणित आले कोठून? बायबलमध्ये कोणाला कितव्या वर्षी मुलगा झाला, याच्या वंशावळी दिल्या आहेत. त्या वर्षांची बेरीज करत मागे जायचे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली अशी बेरीज करून जगाची सुरुवात इसवी सनापूर्वी ४००४ साली, २३ ऑक्टोबरला झाली, असे ठरवले. माणूस विद्वान होता, मेहनतही मोठी होती. पण ती मेहनत जुन्या ग्रंथांच्या आतच फिरत होती. त्याने दगडाला काही विचारले नाही.

दगडाला विचारण्याची रीत पुढे सापडली. काही खडकांत युरेनियम नावाचा धातू असतो. तो आपोआप, ठराविक गतीने झिजत शेवटी शिसे बनतो. त्याच्या मुख्य प्रकारातले निम्मे युरेनियम झिजायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. आता युरेनियम किती उरले आणि शिसे किती झाले हे मोजले, की खडकाचे वय कळते. आकाशातून पडलेल्या उल्कांच्या दगडांतील शिसे असेच मोजून क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले. त्यानंतर अनेकांनी अनेक प्रकारे मोजले. उत्तर तेवढेच आले.

एवढा मोठा आकडा डोक्यात बसत नाही. म्हणून पृथ्वीचे सारे आयुष्य एका दिवसाच्या चोवीस तासांत बसवून पाहा. डायनासोर संपले ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे रात्री ११ वाजून ३९ मिनिटांनी. आपल्यासारखा माणूस आला तो सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी, म्हणजे मध्यरात्रीला सहा सेकंद उरले असताना! दोघांची गाठ पडणार कशी?

आणि यासाठी केंटकीला जायला नको. आपली कुटुंबे कार्ले-भाजे लेणी पाहायला जातात. भाजे लेणे माणसाच्या हाताने कोरले गेले त्याला सुमारे बावीसशे वर्षे झाली. पण ज्या काळ्या कातळात ते कोरले, तो कातळ लाव्हारस थिजून बनला आहे, आणि त्याचे वयही साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांच्या घरात जाते. डायनासोरांचा अंत झाला तो हाच काळ. पुढच्या खेपेला मुलाचा तळवा त्या भिंतीवर टेकवा आणि त्याला हे सांगा.

आता मुख्य मुद्दा. या संग्रहालयात एक देखावा आहे. दोन संशोधक डायनासोरचा एकच सांगाडा उकरत आहेत. एक म्हणतो हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. दुसरा म्हणतो हा महापुरात बुडालेला, काही हजार वर्षांपूर्वीचा. पाहणाऱ्याला सांगितले जाते की पुरावा एकच आहे, फक्त सुरुवातीची श्रद्धा वेगळी आहे. ऐकायला गोड वाटते. पण या संस्थेत नोकरी करणाऱ्याला एका श्रद्धापत्राला मान्यता द्यावी लागते. त्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे की धर्मग्रंथाच्या विरुद्ध जाणारा कोणताही पुरावा खरा असूच शकत नाही.

वाचकहो, असा पंचनामा आपल्या ओळखीचा आहे. घटनास्थळी पाय न ठेवता, ठाण्यात बसूनच लिहिलेला पंचनामा! गुन्हेगार कोण आणि निर्दोष कोण हे आधी ठरवायचे, मग त्याला जुळतील ते साक्षीदार घ्यायचे आणि न जुळतील ते हाकलायचे. अशा कागदाने आपल्या कितीतरी माणसांचा न्याय बुडाला आहे. विज्ञानही चुकते. पण चूक दाखवणारा पुरावा आला की निकाल बदलायचा, असे त्याने मान्य केलेले असते. फरक श्रद्धेचा नाही, फरक पुराव्यापुढे मान झुकवण्याचा आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सारे ख्रिस्ती लोक असे मानत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली सांगितले की उत्क्रांती हे आता केवळ गृहीतक राहिलेले नाही. आणि हे संग्रहालयही असे शिकवते की सारी माणसे एकाच आदमची लेकरे आहेत, त्यांचे रक्त एक आहे. ही शिकवण चांगली आहे. पण त्याच ग्रंथातील नोहाच्या शापाची कथा पुढे करून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मळेवाले काळ्या माणसांच्या गुलामगिरीचे समर्थन करत होते. ग्रंथ तोच, वाचणारा बदलला की अर्थ बदलला! ज्या समतेचा आधार वाचणाऱ्याच्या मर्जीवर आहे, तिच्यावर विसंबायचे कसे?

आपल्याला हे कोणी वेगळे सांगायला नको. मुखातून कोण, बाहूतून कोण आणि पायातून कोण निर्माण झाले, ही पुरुषसूक्तातली कथाही निर्मितीचीच कथा आहे. तिचा हिशेब आपल्या पणज्या-आज्यांनी गावकुसाबाहेर राहून चुकता केला. म्हणूनच जग कोणी निर्माण केले या प्रश्नाची बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात एवढी कसून उलटतपासणी केली.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. १९२५ साली टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला होता. पुढे १९६८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे बंदीचे कायदे घटनाबाह्य ठरवले, आणि १९८७ साली सरकारी शाळेत उत्क्रांतीबरोबर निर्मितीवाद शिकवण्याची सक्तीही रद्द केली. शाळेचा दरवाजा बंद झाला, पण स्वतःची इमारत उभारायला कायदा आडवा येत नाही.

आपल्याकडे मात्र शाळेचाच दरवाजा किलकिला होऊ लागला आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि तो शाळा-कॉलेजांतून बदलला पाहिजे, असे जाहीर सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिले नाही, हा त्यांचा पुरावा! देशातील विज्ञान अकादम्यांनी त्याचा निषेध केला. पण २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेलाच. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व नागरिकांनी पत्रावर सह्या करून विरोध केला.

कोणी म्हणेल, बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे ना! बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण? कामगाराचा मुलगा दहावीनंतर आयटीआयला जातो, मुलगी कला किंवा वाणिज्य शाखेला जाते, कोणी थेट कामालाच लागतो. त्यांच्यासाठी दहावी हेच विज्ञानाचे शेवटचे वर्ष असते. दहावीतून काढलेला धडा आपल्याच मुलांच्या ताटातून काढलेला असतो. महाराष्ट्राच्या बालभारतीने २०१८ साली आणलेल्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ आहे. घरात ते पुस्तक असेल तर आज संध्याकाळी मुलाला तो मोठ्याने वाचायला सांगा. पुस्तके बदलतील तेव्हा तो पाठ राहिला की नाही, हेही पाहा आणि शाळेत विचारा.

माता-भगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे. आपण कोठून आलो, असे लेकराने विचारले तर त्याला गप्प करू नका. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा आणि दोघे मिळून शोधा. संग्रहालय असो, कीर्तन असो, मोबाईलवर आलेले चित्र असो, की आपल्याच विहारातले भाषण असो, ऐकून झाल्यावर मुलाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : कशावरून?

हा प्रश्न विचारायला तिकीट लागत नाही.