दोन शब्दांनी झालेली राणी

लंडनच्या इनर टेंपलच्या ग्रंथालयात १५५३ सालचा एक कागद जपून ठेवला आहे. आपल्यामागे इंग्लंडच्या गादीवर कुणी बसावे, याची योजना सहाव्या एडवर्डने त्यावर स्वतःच्या हाताने लिहिली आहे. पहिल्या मजकुरात गादी जाते ती त्याच्या नात्यातल्या जेन ग्रेच्या पुत्रांना. पण जेनला मूल नव्हते, आणि राजाचे दुखणे असे बळावले होते की ते होण्याची वाट पाहायला सवड नव्हती. मग एक अक्षर खोडले गेले, वरच्या जागेत दोन शब्द घातले गेले, आणि गादी ‘जेनला आणि तिच्या पुत्रांना’ मिळाली. राजा पंधरा वर्षांचा होता. त्या दोन शब्दांनी राणी झालेली जेन सोळा-सतराची. १० जुलैला तिच्या नावाची द्वाही फिरली, १९ जुलैला गादी गेली, आणि १२ फेब्रुवारी १५५४ ला टॉवरच्या आवारात तिचा शिरच्छेद झाला.

ही गोष्ट कुमारवयाच्या वाचकांना कादंबरीतून सांगावी का, असा विषय निघाला की चांगल्या वाचत्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. ट्यूडर दरबारावरच्या इंग्रजी कुमार कादंबऱ्यांची मुखपृष्ठे पाहूनच त्यांचा निकाल तयार असतो. रेशमी झगा, मोत्यांचा सर, अर्धाच दिसणारा चेहरा. तेव्हा आत प्रेमकथा असणार आणि इतिहास तोंडी लावण्यापुरता. शिवाय सोळाव्या शतकातल्या मुलीच्या तोंडी आजच्या मुलीची भाषा. हा पूर्वपक्ष मी हलका मानत नाही. त्यातली एक तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे मी येणार आहे. पण मुळात जे गृहीत धरले आहे तेच चुकीचे आहे. गृहीत असे, की हा दरबार म्हणजे मोठ्या माणसांचा इतिहास, आणि मुलांसाठी तो लिहायचा तर दुधात पाणी घालावे लागणार.

वये मांडून पाहा. ॲरागॉनची कॅथरीन १५०१ मध्ये स्पेनहून इंग्लंडला आली तेव्हा पंधरा वर्षांची होती, आणि ज्याच्याशी तिचे लग्न लागले तो राजपुत्र आर्थरही पंधराचाच. पाच महिन्यांच्या आत ती विधवा झाली. त्या काही महिन्यांत या दोन पोरांमध्ये पतिपत्नीचा संबंध आला होता की नाही, यावर पंचवीसएक वर्षांनी, आर्थरचा भाऊ आठवा हेन्री तिच्याशी झालेले आपले लग्न मोडू पाहत होता तेव्हा, युरोपभरचे धर्मपंडित भांडले, आणि त्या भांडणातूनच इंग्लंड पोपपासून तुटले. एडवर्ड गादीवर आला तो नऊ वर्षांचा. त्याची थोरली बहीण मेरी सतरा वर्षांची असताना तिचे राजकन्यापद काढून घेतले गेले आणि डिसेंबर १५३३ मध्ये तिला हॅटफील्डला, तान्ह्या एलिझाबेथच्या घरात, धाकटीच्या पायरीखाली राहायला पाठवले गेले. निर्णय मोठे घेत होते, पण ते सोसले मुलांनी. मग ही गोष्ट मुलांच्या उंचीवरून सांगितली तर ती कमअस्सल कशी ठरते?

कॅथरीन हॉवर्डचेच घ्या. आठव्या हेन्रीची ही पाचवी राणी. २८ जुलै १५४० ला, राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याचे डोके उडवले त्याच दिवशी, तिचे लग्न लागले. राजा एकोणपन्नास वर्षांचा, ती सतरा-अठराच्या आसपास. ‘आसपास’ म्हणायचे, कारण तिची जन्मतारीख कुणी टिपूनच ठेवली नाही. कॅथरीन लाँगशोर यांची ‘गिल्ट’ (२०१२) ही कादंबरी तिच्यावर आहे, आणि ती सांगते राणीची मैत्रीण किटी टिल्नी. माझी चौदा वर्षांची भाची ती वाचत होती. मध्येच मान वर करून तिने विचारले, “मावशी, राणी होती ना ती? मग तिचा वाढदिवस कुणालाच कसा माहीत नाही?” इतिहासाच्या एका जाडजूड ग्रंथात मी ही गोष्ट तळटीपेत वाचली होती आणि पान उलटले होते. मुलीला मात्र ती खुपली.

‘गिल्ट’वर आक्षेप असा, की हे शाळेतल्या मुलींच्या कंपूचे राजकारण आहे, फक्त पोशाख ट्यूडर काळाचा. पण १५४१ साली झालेल्या चौकशीतल्या जबान्या काय सांगतात? कॅथरीन वाढली ती नॉरफोकच्या वृद्ध डचेसच्या घरी, लॅम्बेथला. दूरच्या नात्यातल्या, आईबापांनी पाठवून दिलेल्या मुली एका मोठ्या खोलीत एकत्र झोपत. रात्री खोलीला कुलूप लागे. मुलींनी चावी लांबवली, आणि त्यानंतर तरुण मंडळी मद्य, स्ट्रॉबेऱ्या, सफरचंदे घेऊन रात्री येऊ लागली. कुणाचे कुणाशी काय चालले आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि ज्याला ठाऊक त्याच्या हातात हत्यार. त्या घरात चाकरीला असलेल्या मेरी लॅसेल्सने पुढे हे आपल्या भावाला सांगितले, भावाने आर्चबिशप क्रॅन्मरला, आणि क्रॅन्मरने २ नोव्हेंबर १५४१ ला राजाच्या हाती चिठ्ठी दिली. वसतिगृहातली एक कुजबुज अशी राजवाड्यापर्यंत गेली आणि १३ फेब्रुवारी १५४२ ला राणीच्या मानेवर कुऱ्हाड पडली. तिच्यावर उघड खटलासुद्धा चालला नाही, संसदेने कायदा करूनच तिला मारले. कंपूचे राजकारण इथे लेखिकेने बाहेरून आणलेले नाही, ते या प्रकरणाच्या मुळाशीच आहे. उलट राजदूतांची पत्रे आणि धर्मसुधारणेचे प्रवाह यांतूनच हा इतिहास पाहणाऱ्याच्या हातून ती खोली निसटते.

खोटेपणाचा आळ तर कुमार कादंबरीवर घालूच नये. कॅथरीनने वधस्तंभाशी ‘आपण राणी म्हणून मरतो आहोत, पण कल्पेपरची (ज्याच्याशी तिचे संबंध असल्याचा आळ होता त्या दरबाऱ्याची) बायको म्हणून मेलो असतो तर बरे’ अशा अर्थाचे काही म्हटल्याची कथा मोठ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या पत्रात तसे काही नाही, आहे ती ख्रिस्तावरची श्रद्धा बोलून दाखवत धीराने मरणाला सामोरी जाणारी एक मुलगी. जेनचे मरण लोकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते देलारोशच्या १८३३ च्या चित्रातून. त्यात ती अंधाऱ्या दालनात, पांढऱ्या शुभ्र वस्त्रात आहे. प्रत्यक्षात हे घडले उघड्यावर. प्रौढांच्या कल्पनेला मरणारी मुलगी सुंदर आणि मुकी लागते.

आणि प्रेमकथा? चौदाव्या वर्षी एलिझाबेथ सावत्र आई कॅथरीन पारच्या घरी राहत होती. आईचा नवा नवरा टॉमस सीमोर चाळिशीच्या घरातला. तो सकाळी तिच्या निजायच्या खोलीत शिरे, अंगावर चापट्या मारी, ती पांघरुणात मागे सरके. एकदा बागेत तिचा झगा त्याने कापून चिंध्या केल्या, आणि तिला धरून ठेवले होते खुद्द सावत्र आईने. हे सगळे तिची सांभाळकर्ती कॅट ॲशलीच्या जबानीत आहे. त्या जबानीतले मला सर्वांत बोलके वाटते ते हे, की मुलगी पहाटे लवकर उठू लागली; तो यायचा तेव्हा ती पुस्तक उघडून बसलेली असायची. या प्रकाराला प्रणयाचा मुलामा कुणी दिला? ‘यंग बेस’ या १९५३ च्या चित्रपटात सीमोर देखणा, रुबाबदार नायक आहे, आणि तो चित्रपट मोठ्यांनी मोठ्यांसाठी काढलेला होता. आजच्या चौदा वर्षांच्या वाचकाला मात्र लवकर उठून पुस्तक उघडण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या मुलीच्या मनातली हुरहूर आणि भीती दोन्ही जागेवर ठेवणे आणि त्या गुंत्याला प्रेम हे नाव न देणे, ही या प्रकारातल्या लेखिकेची खरी कसोटी आहे.

आता ती खरी तक्रार. यातल्या पुष्कळ कादंबऱ्या धर्माला घाबरतात. नायिका धीट, वाचाळ, वडिलांना उलटून बोलणारी, घोडा फेकणारी; पण ती गुडघे टेकून प्रार्थना करते ते उरकून टाकल्यासारखे. ‘माय लेडी जेन’ (२०१६) या तीन लेखिकांनी मिळून लिहिलेल्या कादंबरीत तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हा भेदच काढून टाकला आहे. त्याजागी प्राण्यांची रूपे घेऊ शकणारे आणि त्यांचा द्वेष करणारे असे दोन गट आले, आणि जेन अखेर वाचते. आपण कल्पित लिहितो आहोत हे त्या उघड सांगतात, फसवत नाहीत. जेनला वाचवावेसे वाटणे मला समजते, मलाही वाटते. तरी माझा विरोध आहे. रॉजर ॲस्कम हा विद्वान १५५० मध्ये जेनच्या घरी, ब्रॅडगेटला गेला तेव्हा घरचे सारे शिकारीला गेले होते आणि ही पोर आत बसून प्लेटो मूळ ग्रीकमध्ये वाचत होती. आईबापांसमोर बसणे-उठणे जरा चुकले तरी चिमटे आणि मार मिळतो, शिक्षकांपाशीच काय तो जीव निवतो, असे तिने त्याला सांगितले. पुढे जेन मरणाच्या दाराशी असताना मेरी राणीने फेकनम या विद्वान धर्मगुरूला तिचे मन वळवायला पाठवले. तिने त्याच्याशी वाद घातला आणि कॅथलिक व्हायला नकार दिला. आयुष्यात लग्न, गादी, सारे दुसऱ्यांनी ठरवलेल्या या मुलीचा स्वतःचा असा हा एकच ठाम निर्णय. धर्म काढून घेतला की तिचा जीव वाचतो, पण तो नकार जातो, आणि उरते पुन्हा तीच देलारोशची पांढऱ्या वस्त्रातली मुलगी. आजच्या वाचकाला तिची श्रद्धा पटायची गरज नाही; ती किती खरी होती ते दिसले पाहिजे.

मेरीबद्दल थोडक्यात. कॅरोलिन मेयर यांची ‘मेरी, ब्लडी मेरी’ (१९९९) तिचे किशोरवय तिच्याच तोंडून सांगते. जिच्या राज्यात तीनशेच्या आसपास प्रोटेस्टंट जिवंत जाळले गेले तिच्याविषयी मुलांच्या मनात सहानुभूती का पेरावी, असे विचारतात. मुले एवढी भाबडी नसतात. सतराव्या वर्षी कुणी कसे चिरडले गेले हे कळले म्हणून पुढच्या चिता विझत नाहीत. उलट जास्त भयंकर वाटतात.

या परक्या राण्या आपल्या कोण, हा आक्षेप मराठी वाचकाकडून येतो. यातल्याच एलिझाबेथने ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, पण माझा मुद्दा तेवढ्यावर उभा नाही. आपल्याकडे सोळाव्या वर्षी माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्यांच्यावरची ‘स्वामी’ (१९६२) घराघरातल्या मुलांनी वाचली, पण ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती. सवाई माधवराव तर १७७४ साली पाळण्यातच पेशवे झाले आणि एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून गेले. मधली सगळी वर्षे त्या मुलाने कारभाऱ्यांच्या दरबाराकडे कसे पाहिले असेल, हे चौदा वर्षांच्या मराठी वाचकासाठी, त्या मुलाच्या नजरेतून लिहिलेले मला वाचायचे आहे. ट्यूडर दरबाराच्या चांगल्या कुमार कादंबऱ्या वाचताना ही भूक वाढते, म्हणूनही मी त्या मुलांच्या हाती देते.

जानेवारी १५४९ मध्ये सीमोरला राजद्रोहाच्या आरोपावरून धरले. एलिझाबेथची माणसे, तिची कॅट ॲशलीसुद्धा, टॉवरमध्ये टाकली गेली आणि हॅटफील्डला तिची उलटतपासणी घ्यायला सर रॉबर्ट टिर्विट आले. ती पंधरा वर्षांची होती, सोबत आपले असे कुणी नव्हते. दिवसामागून दिवस विचारूनही त्यांच्या हाती काही लागले नाही. ती सीमोरपासून गरोदर आहे आणि टॉवरमध्ये डांबली आहे, अशी वदंता बाहेर पसरली होती. २८ जानेवारीला तिने राज्याचा कारभार पाहणाऱ्या सॉमरसेटला पत्र लिहिले आणि त्यात एक मागणी केली: मला दरबारात येऊ द्या, म्हणजे मी जशी आहे तशी लोकांना दिसेन.