दुखत नाही, म्हणून थांबू नका

“दुखत नाही ना? मग राहू दे.” स्तनात गाठ लागली की घरात बहुतेकदा हेच पहिलं वाक्य येतं. याच वाक्यापायी महिने वाया जातात. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही. उलट पाळीच्या आधी जड होऊन ठणकणारे, गाठीगाठी लागणारे स्तन बहुधा संप्रेरकांच्या चढउतारामुळे तसे होतात आणि पाळी आली की निवळतात.

स्तनातल्या बहुतांश गाठी साध्याच असतात, हे आधी ठामपणे सांगते. विशी-पंचविशीतल्या मुलीची गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी गाठ बहुधा ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ नावाची साधी गाठ असते. चाळिशीच्या आसपास अचानक आलेली गाठ अनेकदा पाण्याची असते. सुईने पाणी काढलं की बसते. अंगावर पाजणाऱ्या आईला ताप आला, स्तन लाल आणि गरम झाला, तर आत पू झालेला असू शकतो. याउलट गाठ टणक, ओबडधोबड, जागची न हलणारी असेल, त्वचेला खळी पडली असेल, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, बोंड नव्यानं आत ओढलं गेलं असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर एकही दिवस घालवू नये.

पण ही लक्षणं वाचून घरीच निकाल लावू नका. मार लागून झालेली चरबीची गाठ हाताला कर्करोगासारखीच लागू शकते आणि काही कर्करोग गुळगुळीत, हलणारे असतात. म्हणून तपासणी तिहेरी असते: डॉक्टरांचा हात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज पडल्यास बायोप्सी. तरुण वयात स्तन घट्ट असतो, मॅमोग्राफीत गाठ झाकली जाते. म्हणून तिशीच्या आत आधी सोनोग्राफी. सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या रिपोर्टवरचा, संशयाची पातळी सांगणारा ‘बायरॅड्स’ आकडा 3 असेल, तर कर्करोगाची शक्यता 2 टक्क्यांहून कमी. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. 4 किंवा 5 असेल, तर बायोप्सी हवीच. जागा बधिर करतात, पडद्यावर गाठ बघत सुई आत नेतात, ‘टक्’ असा आवाज होतो आणि बारीक तुकडा बाहेर येतो. सुई लावल्यानं रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. हात, चित्र आणि तुकडा यांचं उत्तर जुळत नसेल, तर तपास तिथं थांबवू नये.

पहिला हात मोठ्या डॉक्टरांचाच असावा असं नाही. टाटा स्मारक रुग्णालयानं 1998 पासून मुंबईतल्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन तपासले. तिथं पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमधले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. तिशीपुढच्या स्त्रियांची स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात त्यासाठी आडोसा, शिकलेला हात आणि पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे. हे सगळं हक्कानं मागा, आणि गाठ लागली तर याच आठवड्यात दाखवा.