पहिला दिवस अंकलीचा

वारीचा पहिला दिवस कुठला, असे विचारले तर आपल्या महाविद्यालयातले दहापैकी नऊजण आळंदीचे नाव घेतील. ज्येष्ठ वद्य अष्टमी, माउलींचे प्रस्थान, इंद्रायणीकाठची गर्दी. यात खोटे काही नाही. पण त्या रात्री पालखी आळंदीतच आजोळघरी मुक्कामाला असते. चालणे म्हणावे असे चालणे दुसऱ्या दिवशी, पुण्याच्या वाटेवर. तोवर माउलींचे दोन अश्व सुमारे तीनशे किलोमीटर चालून आलेले असतात, आणि ते निघतात आपल्या चिक्कोडी तालुक्यातल्या अंकलीहून!

हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिले. ती सेवा अजून त्याच घराण्याकडे आहे. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार बसतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, ती माउलींची. रिंगणात ज्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे धावतात, ते हेच.

गेल्या ज्येष्ठात अंकली ते मिरज हा पहिला टप्पा मी त्यांच्यामागून चाललो. इथे गर्दी नाही, छायाचित्रकार जेमतेम. डांबर तापलेले, दोन्ही बाजूंना ऊस, आणि दुपारनंतर पोटऱ्या दगडासारख्या. दारादारांतून बायका घोड्यांच्या पायांवर पाणी घालायला येतात, आणि आपल्याला "नीर कुडीरी" म्हणून तांब्या पुढे करतात. माझ्या शेजारी चालणारे एक आजोबा अभंग मराठीत म्हणत आणि सुनेवरची तक्रार कानडीत सांगत. (तक्रार बरीच लांबली. अभंग त्या मानाने आटोपशीर.) कृष्णा ओलांडून मिरजेकडे जाता जाता दुकानांच्या पाट्यांवरची लिपी बदलते. १९५६ साली आखलेली ती रेघ. घोडे तिच्या आधी शंभरावर वर्षे ही वाट चालत होते. त्यांना तिचे सोयरसुतक नाही.

आपल्याला मात्र आहे. आमच्या गल्लीतली वडीलमंडळी वारी म्हणजे मराठीपणाचा दाखला असल्यासारखे बोलतात. वर्गातले कानडी मित्र म्हणतात, "ते तुमचे, महाराष्ट्राचे." मला दोन्ही बोलणी पटत नाहीत. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले. पुरंदरदासांच्या पदांतली मुद्रा 'पुरंदर विठ्ठल'. आषाढीला या जिल्ह्यातून पंढरपुरास पायी जाणाऱ्यांत कानडी घरे थोडी नाहीत. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना पहिल्या वर्षी शिकवतात की आरंभीची शिल्लक न मांडता खाते उघडता येत नाही. वारीच्या खात्यावर ती शिल्लक या जिल्ह्याची आहे, आणि दोन्ही बाजूंचे लोक ती मांडायची टाळतात, कारण ती मांडली की भांडायला जागा उरत नाही.

कुणी म्हणेल, एक दिवस चालून वारी होते का? नाही होत. मी वारकरी असल्याचा दावा करीत नाही. पण राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे दूरच्या तळावर जाऊन केळी वाटण्यापेक्षा, पुढच्या ज्येष्ठात दोन्ही भाषांच्या वीस-पंचवीस मुलांनी अंकलीहून मिरजेपर्यंत चालावे, असे मला वाटते. चपला जुन्या घालाव्यात, नव्या चावतात. हाच लेख कानडीत लिहून देतो असे मी कानडी विभागाच्या संपादकांना कळवले आहे. दोन पाने लागतील.