प्रश्न कोणाचा, प्रयोगशाळा कोणाची

जेट इंजिनातील टर्बाइनची पाती ज्या वायूच्या झोतात फिरतात, त्याचे तापमान पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही जास्त असते. पाती तगतात ती त्यांच्या पोटातून खेळवलेल्या हवेमुळे, वरच्या सिरॅमिक लेपामुळे आणि निकेलच्या मिश्रधातूचे अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओतण्याच्या तंत्रामुळे. हे ज्ञान एकट्या कारखान्यात तयार होत नाही. विद्यापीठाकडे मात्र ना ओतकामाची भट्टी, ना हजारो तास चालवून पाहायला इंजिन.

विमानांची इंजिने बनवणाऱ्या ब्रिटनच्या रोल्स-रॉइसने १९९० मध्ये ऑक्सफर्ड आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आपली पहिली विद्यापीठ तंत्रज्ञान केंद्रे काढली. पुढे ध्वनी साउदॅम्प्टनकडे, ज्वलन लफबरोकडे, मिश्रधातू केंब्रिजकडे अशी वाटणी झाली. एक विषय एका विद्यापीठाकडे वर्षानुवर्षे राहतो. त्यावर पीएच.डी. करणारे विद्यार्थी पुष्कळदा त्याच कंपनीत जातात आणि नवे प्रश्न घेऊन जुन्या मार्गदर्शकांकडे येतात. दर वर्षी निविदा काढणाऱ्यांना हे साधणार नाही. शोधनिबंध कधी छापायचा आणि पेटंट कोणाच्या नावावर, हे वादही करारातच मिटवावे लागतात.

शेफील्ड विद्यापीठाने २००१ मध्ये बोइंगबरोबर प्रगत उत्पादन संशोधन केंद्र उभारले. तिथे काम आहे ते प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट कारखान्यात जमवण्याचे, म्हणजे विद्यापीठांना कमी प्रतिष्ठेचे वाटणारे. बोइंगने २०१८ मध्ये शेफील्डलाच सुटे भाग बनवणारा कारखाना सुरू केला.

भारतात पैसा अजिबात नव्हता असे नाही. वैमानिकी संशोधन आणि विकास मंडळ १९७१ पासून विद्यापीठांना अनुदान देते; आयआयटी मुंबईत बोइंगच्या सहभागाने केंद्रही निघाले. उणीव होती ती प्रश्न घेऊन येणाऱ्या उद्योगाची. नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ आणि नंतर सुखोई-३० ही लढाऊ विमाने परवान्यावर बांधली गेली. आराखडा परका, त्यामुळे त्यातल्या अडचणींची उकलही परदेशातच. तेजस या देशी लढाऊ विमानासाठी १९८९ मध्ये मंजूर झालेले कावेरी हे देशी इंजिन हा अपवाद. पण उंचीवरील चाचण्यांसाठी ते रशियाला न्यावे लागले आणि तेजस अमेरिकी इंजिनावर उडाले.

म्हणून परदेशी कंपनीबरोबर इंजिन बनवण्याचे करार करताना चाचण्यांची आकडेवारी आणि बिघाडांच्या नोंदी भारतीय विद्यापीठांना मिळण्याचे कलम सही करण्यापूर्वीच घालून घ्यावे लागेल.